तीन पाण्यांनी धुतलेल्या पानावर जंतू उरतोच कसा?

प्रश्न थोडक्यात असा: पालक तीन पाण्यांनी धुतला, वर अर्धा तास मिठाच्या पाण्यात ठेवला, कच्चाच खाल्ला, आणि तिसऱ्या दिवशी घरातल्या दोघांच्या पोटात कळा येऊन जुलाब लागले. हे जंतू तर आतड्यात राहणारे. मग उन्हातान्हातल्या पानावर ते जगतात कसे, आणि एवढ्या धुण्यातून सुटतात कसे?

आधी पालकाच्या बाजूने दोन शब्द. तिसरा दिवस ही वेळ ई. कोलाय ओ१५७ या जिवाणूशी जुळते. तो साधारण तीन-चार दिवसांनी त्रास देतो. साल्मोनेला हा पोट बिघडवणारा दुसरा जिवाणू सहा तासांपासून सहा दिवसांपर्यंत कधीही उगवतो. म्हणजे पालकावर संशय घ्यायला जागा आहे, पण तितकीच ती आधीच्या चार दिवसांत पोटात गेलेल्या प्रत्येक गोष्टीवर आहे. माणूस नेहमी शेवटच्या जेवणाला दोष देतो, आणि बऱ्याचदा ते जेवण निर्दोष असतं. जुलाबात रक्त दिसत असेल तर मात्र हे वाचत बसू नका, डॉक्टरांकडे जा. ओ१५७ असेल तर मनाने घेतलेली प्रतिजैविकं आणि जुलाब थांबवणाऱ्या गोळ्या मूत्रपिंडावर बेतू शकतात.

आता मूळ प्रश्न. भाज्यांच्या नमुन्यांतून जिवाणू वेगळे काढण्यात माझी वीसहून अधिक वर्षं गेली. सुरुवातीला माझीही समजूत तुमच्यासारखीच होती: जंतू पानावर धुळीसारखा बसलेला असतो, पाणी ओतलं की निघतो. ती समजूत मोडली ती सूक्ष्मदर्शकाखाली. आम्ही हिरवा चमकणारा साल्मोनेला पानावर सोडला, दोन दिवसांनी ते पान खळखळून धुतलं आणि पाहिलं. सपाट भाग जवळजवळ काळा, म्हणजे स्वच्छ. पण शिरांच्या कडेने, लवेच्या बुडाशी आणि पर्णरंध्रांच्या, म्हणजे पान ज्यांतून श्वास घेतं त्या बारीक छिद्रांच्या, ओठांवर हिरव्या ठिपक्यांचे पुंजके जसेच्या तसे होते.

आपल्याला सपाट वाटणारं पान जिवाणूच्या मापाने डोंगरदऱ्यांचा मुलूख असतो. जिवाणूची लांबी दोनेक मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा पाचशेवा भाग. पानाच्या वरच्या थरातल्या दोन पेशी जिथे जुळतात तिथे चर असते, त्या चरीत तो आडवा सहज मावतो. पर्णरंध्र त्याच्यासाठी दिंडीदरवाजाएवढं. पानावर मेणचट थर असतो, त्यावर पाण्याचा थेंब गोल होऊन घरंगळतो. आपल्याला वाटतं पाणी सगळीकडे पोचलं, पण त्या चरीत हवेचा बुडबुडा अडकलेला असतो आणि पाणी वरून निघून जातं. धुणं फसतं ते पुष्कळदा एवढ्या साध्या कारणाने. जंतूनाशक घातलेलं पाणीही पाणीच, तेही त्या बुडबुड्यापाशीच अडतं.

हे जंतू पानावर येतात कुठून? बहुतेक वेळा आतड्यातूनच, आडवळणाने. न कुजलेलं शेणखत, गुरांच्या गोठ्याजवळून वाहणारं पाणी, शेतात शिरलेली रानडुकरं, पाखरांची विष्ठा, तोडणी करणाऱ्याचे हात, क्रेट, सुरी. २००६ मध्ये अमेरिकेत पिशवीबंद कोवळ्या पालकातून ओ१५७ पसरला. २६ राज्यांत सुमारे २०० जण आजारी पडले, तिघे दगावले. तपास करणाऱ्यांना कॅलिफोर्नियातल्या एका शेताच्या आसपास गुरांच्या शेणात, रानडुकरांच्या विष्ठेत आणि नदीच्या पाण्यात तोच वाण सापडला. २०१८ मध्ये ॲरिझोनातल्या युमा भागातल्या रोमेन लेट्यूस या सॅलडच्या पालेभाजीमुळे ३६ राज्यांत २१० लोक आजारी पडले आणि पाच जण गेले. तिथे तोच वाण कालव्याच्या पाण्यात मिळाला. पाणी वरून फवारलं की ते थेट पानावर पडतं. ठिबकने मुळाशी दिलं की हा रस्ता बराचसा बंद होतो. म्हणून शेताला भेट दिली की मी आधी पाण्याचा स्रोत पाहतो आणि मग बाकीचं.

पानावर पडलेल्या जंतूचे पहिले काही दिवस फार वाईट जातात, हे मात्र खरं. ऊन, त्यातले अतिनील किरण, कोरडी हवा, उपासमार. आतड्यात ऊब, ओल आणि रेडीमेड अन्न असतं. इथे त्यातलं काहीच नाही. मोजणी केली तर पहिल्या दिवसांत संख्या कड्यावरून कोसळावी तशी कोसळते. शंभरातले नव्याण्णव मरतात, कधी त्याहून जास्त. पण आलेख शून्याला टेकत नाही. तो खाली जाऊन आडवा होतो आणि लांबच लांब शेपूट धरतो. ही शेपूट म्हणजे चरीत, शिरेपाशी, दुमडलेल्या पानाच्या आत बसलेले जंतू. मुद्दाम दूषित केलेलं कंपोस्ट आणि पाणी वापरून केलेल्या एका शेतप्रयोगात ओ१५७ लेट्यूसवर ७७ दिवसांपर्यंत आणि पार्सली या कोथिंबिरीसारख्या पाल्यावर १७७ दिवसांपर्यंत सापडला, जमिनीत तर १५४ ते २१७ दिवस. लेट्यूसचं पीक त्याहून कमी दिवसांत निघतं, यावरून काय ते समजा.

उरलेले टिकतात ते पकड पक्की करून. साल्मोनेला आणि ई. कोलाय अंगाभोवती चिवट प्रथिनांचे बारीक तंतू काढतात आणि सेल्युलोजही बनवतात. हो, झाडाच्या भिंतीत असतं तेच सेल्युलोज. या दोहोंची मिळून जी जाळी होते ती पानाला चिकटते आणि आतला ओलावाही धरून ठेवते. ओ१५७ची गंमत आणखी वेगळी. आपल्या आतड्याच्या पेशीला चिकटण्यासाठी त्याच्याकडे सुईसारखं एक अवजार असतं. पानाला धरायलाही त्या अवजाराचे तंतू तो वापरतो असं दिसून आलं आहे. आतड्यासाठी घडवलेला आकडा पानालाही लागतो, त्यामुळे ‘हा आतड्यातला जंतू, पानावर उपरा’ हे म्हणणं अर्धंच खरं आहे.

शिवाय पान काही ओसाड नसतं. निरोगी पानाच्या एका ग्रॅमवर दहा हजारांपासून दहा लाखांपर्यंत मूळचे जिवाणू नांदत असतात. ते निरुपद्रवी, पण त्यांनी आधीच चिकट बायोफिल्मची, म्हणजे जिवाणूंनीच स्रवलेल्या थराची, वस्ती उभारलेली असते. नवा जंतू त्या वस्तीत भाडेकरू म्हणून घुसतो. कधी मूळ रहिवासी त्याला हुसकावतात, कधी आसरा देतात. कोण शेजारी मिळतो यावर सगळं अवलंबून. पानावरच्या ओलाव्यात जिवाणू गिळणारे एकपेशीय प्राणीही असतात. त्यांतले काही साल्मोनेला गिळतात, पण पचवू शकत नाहीत आणि जिवंत जंतूंनी भरलेल्या इवल्या पिशव्या बाहेर टाकतात. अशा पिशवीतल्या जंतूवर क्लोरीनचा असर आणखी कमी. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हसू आलं होतं, नंतर आलं नाही.

पर्णरंध्रांबद्दल नेहमी विचारलं जातं: जंतू पानाच्या आत जातो का? जातो, पण सगळीकडे सारखा नाही. झाड काही आंधळं नसतं. जिवाणूच्या शेपटीतलं प्रथिन त्याला ओळखता येतं आणि ते रंध्र मिटून घेतं. पण उजेडात पान साखर बनवत असतं आणि त्या खाऊच्या दिशेने साल्मोनेला उघड्या रंध्राकडे पोहत जातो. आइसबर्ग लेट्यूसवर हे स्पष्ट दिसलं आहे, अंधारात ठेवलेल्या पानावर दिसलं नाही. आइसबर्ग आणि अरुगुला यांच्यात शिरकाव जास्त, पार्सलीत आणि टोमॅटोच्या पानात नगण्य. जो आत गेला त्याच्यापर्यंत कुठलंच धुणं पोचत नाही. मुळांतून वर चढून पानात येण्याची भीती मात्र मला अवास्तव वाटते. प्रयोगशाळेत प्रचंड संख्येने जंतू ओतले की ते घडतं. शेतातल्या प्रमाणात क्वचितच.

इथवर सगळं टिकण्याबद्दल झालं. आता माझ्या मते जो खरा मुद्दा आहे आणि ज्याकडे सगळ्यांचं दुर्लक्ष होतं, तो सांगतो. टिकणं वेगळं आणि वाढणं वेगळं. अखंड, कोरड्या पानावर हा जंतू बहुधा जेमतेम तग धरून असतो. त्याला वाढायला जे हवं असतं ते पानाच्या आत कोंडलेलं असतं: साखर, अमिनो आम्लं, पाणी. ते कोठार उघडून देतो आपण, सुरीने.

लेट्यूस कापलं की कापलेल्या कडेला पांढरा चीक येतो. तो जिवाणूसाठी अन्नच. कापलेल्या कडेवर ओ१५७ अखंड भागापेक्षा जास्त संख्येने आणि जास्त घट्ट चिकटतो, कारण तिथे मेणाचा थर नाही, उघडी मऊ पेशीभित्ती आहे. रोमेन लेट्यूसवर झालेल्या एका प्रयोगात, अवघ्या चार तासांत, चेपलेल्या पानांवर ओ१५७ची संख्या चौपट, मोठे तुकडे केलेल्यांवर साडेचारपट आणि बारीक चिरलेल्यांवर अकरापट झाली. चार तास म्हणजे सकाळी चिरून ओट्यावर ठेवलेली भाजी दुपारी खाण्याइतका वेळ. पान तेच, जंतूही तोच, फरक फक्त किती चिरलं याचा. तुम्ही पालक चिरून मग धुतला असेल तर ते सगळ्यात वाईट. धुण्याच्या पाण्यातले सैल जंतू कापलेल्या कडांना जाऊन चिकटतात.

सुरीचं काम कुजही करते. बोट लावताच लिबलिबीत लागणारी जागा म्हणजे पेक्टिन, म्हणजे पेशींना जोडणारा डिंकासारखा पदार्थ, विरघळवणाऱ्या जिवाणूंनी पेशींच्या भिंती फोडलेल्या असतात. आतला रस बाहेर, आणि साल्मोनेलाला आयतं ताट. बाजारातून जमवलेल्या नमुन्यांत अशा मऊ कुजलेल्या भाज्यांवर साल्मोनेलाची शंका यावी असे जिवाणू निरोगी भाज्यांच्या जवळजवळ दुप्पट वेळा आढळले आहेत. ‘एवढा भाग काढून टाकला की बाकीचं चांगलं आहे’ हे शिजवायच्या भाजीला मी मान्य करीन. कच्च्या खायच्या भाजीला नाही.

टोमॅटोची तऱ्हा निराळी. त्याची साल गुळगुळीत, तिच्यावर पकड कमी. पण देठ निघालेली खूण म्हणजे उघडं दार. उन्हातून आलेला गरम टोमॅटो थंड पाण्यात बुडवला की आतली हवा आकसते आणि त्या खुणेतून पाणी आत ओढलं जातं, पाण्यात असेल ते सगळं घेऊन. म्हणून पॅकिंगच्या जागी धुण्याचं पाणी फळाच्या गरापेक्षा पाचसहा अंश सेल्सियस गरम ठेवायची पद्धत आहे. घरी एवढं करायची गरज नाही; गरम टोमॅटो थेट थंड पाण्याच्या पातेल्यात बुडवून ठेवू नका म्हणजे झालं.

आता धुण्याचा हिशोब. चांगलं धुतल्याने संख्या दहापट ते शंभरपट कमी होते, म्हणजे ९० ते ९९ टक्के जातात. ऐकायला उत्तम. पण पानावर हजार जंतू असतील तर दहा ते शंभर उरले, आणि ओ१५७ किंवा शिगेला (हगवणीचा जिवाणू) यांना माणूस आजारी पाडायला शंभराच्या आतले जंतूही पुरतात. दुसऱ्या-तिसऱ्या धुण्यात फारसं काही पदरात पडत नाही, कारण सैल बसलेले पहिल्याच पाण्यात गेलेले असतात आणि उरलेले मुळातच न निघणारे असतात. कारखान्यात पाण्यात क्लोरीन घालतात त्याचा मुख्य उपयोग पान निर्जंतुक करणं हा नाहीच. एका दूषित पानावरचा जंतू त्याच टाकीतल्या हजारो पानांवर पसरू नये, हा आहे. माती आणि पानांचा रस पाण्यात उतरला की क्लोरीन त्यांच्यावरच खर्ची पडतं आणि मग टाकीच जंतू वाटत फिरते. तुमच्या पातेल्यातल्या मिठाच्या पाण्याचंही तेच: एक पान खराब असेल तर अर्ध्या तासात ते सगळ्यांचं होतं. मिठाबद्दल सांगायचं तर, स्वयंपाकघरात आपण घालतो तेवढ्या मिठाने अळ्या आणि किडे सुटतात, साल्मोनेला मरत नाही. लिस्टेरिया हा जिवाणू तर दहा टक्के मिठातही तग धरतो. व्हिनेगरने संख्या थोडी घटते, पण ओ१५७ आम्लाला दाद न देण्याबद्दलच प्रसिद्ध आहे. पोटातलं आम्ल पार करूनच तो आतड्यात पोचतो. भांड्यांचा साबण आणि ब्लीच भाजीला अजिबात लावू नका. ती पानात शोषली जातात आणि पोटात जातात.

मोडांना मी वेगळ्या खात्यात टाकतो. तिथे टिकण्याचा प्रश्नच नाही, वाढण्याची संपूर्ण सोय आहे. बीच्या सालीतल्या भेगेत कोरडा पडलेला जंतू महिनोन्‌महिने जिवंत राहतो. मग आपण ते बी भिजवतो आणि उबदार, ओलसर जागी दोन-तीन दिवस ठेवतो. प्रयोगशाळेत जंतू वाढवायला मी याहून वेगळं काही करत नाही. काही मोजक्या जंतूंचे एका ग्रॅममागे लाखो होतात, आणि मोड दिसायला वासाला अगदी ताजे असतात. २०११ मध्ये जर्मनीत ओ१०४ जातीच्या ई. कोलायने ३,८०० हून अधिक लोक आजारी पडले, ८०० हून अधिकांची मूत्रपिंडं बिघडली, ५० हून अधिक दगावले. आधी स्पेनच्या काकड्यांवर आळ आला आणि तिथल्या शेतकऱ्यांचं अतोनात नुकसान झालं. शेवटी माग निघाला तो मेथीच्या मोडांचा, इजिप्तहून आलेल्या बियाण्यापर्यंत. फ्रान्समध्ये बोर्दोजवळ त्याच सुमारास लोक आजारी पडले, तेही त्याच बियाण्यातून. त्याआधी १९९६ मध्ये जपानच्या साकाई शहरात हजारो शाळकरी मुलं ओ१५७ने आजारी पडली तेव्हा संशय मुळ्याच्या मोडांवर आला होता. मोड कच्चे खाऊ नका असं मी सरसकट कुणाला सांगत नाही, पण गरोदर बाई, लहान मूल, म्हातारं माणूस किंवा केमोथेरपी चालू असलेला रुग्ण घरात असेल तर त्यांच्या ताटात ते वाफ काढल्याशिवाय जाऊ नयेत.

फ्रीजबद्दल एक गैरसमज आहे. चार अंशांवर साल्मोनेला आणि ओ१५७ वाढत नाहीत, पण मरतही नाहीत. उलट थंडीत ते जास्त दिवस तगतात, उघड्यावर आधी मेले असते. आणि लिस्टेरिया थंडीतही सावकाश वाढतच राहतो. १९८१ मध्ये कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावर कच्च्या कोबीच्या सॅलडमधून तो पसरला, गरोदर बायका आणि नवजात बाळं त्यात सापडली. त्या कोबीच्या शेताला मेंढ्यांचं कच्चं खत घातलं होतं, त्या कळपातल्या मेंढ्या लिस्टेरियानेच दगावल्या होत्या, आणि कोबी हिवाळाभर थंड साठवणीत होता. लिस्टेरिया अन्नातून पसरतो हे ठामपणे कळलं ते या घटनेतून.

मी घरी काय करतो? बाहेरची पानं काढून टाकतो, पानं एकेक सुटी करून वाहत्या पाण्याखाली बोटांनी चोळतो, साचलेल्या पाण्यात बुडवत नाही, आणि नंतर स्वच्छ कापडाने टिपून कोरडी करतो. हे कोरडं करणं लोक सोडून देतात, पण टिपताना आणखी काही जंतू कापडावर निघून येतात आणि उरलेल्यांची ओल तुटते. चिरतो ते सगळ्यात शेवटी, खायच्या आधी. चिरून उरलंच तर दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये, आणि दुसऱ्या दिवशी ते शिजवूनच. भाजीचा गाभा ७० अंशांवर दोन मिनिटं राहिला की वर सांगितलेले सगळे जंतू संपतात, पानाच्या आत लपलेलेसुद्धा. ‘धुतलेलं, खायला तयार’ असं लिहिलेली पिशवी मी पुन्हा धुत नाही. ओट्यावरचे नवे जंतू तिला लागण्याची शक्यता जास्त.

तुमच्या बाबतीत: त्या जुडीतला पालक अजून शिल्लक असेल तर कच्चा खाऊ नका, आणि तो ज्या कप्प्यात होता तो कप्पा, चाळणी, विळी किंवा सुरी आणि चिरायचा पाट गरम पाण्याने साबण लावून धुवा. दोघांपैकी कुणाचे जुलाब अजून थांबले नसतील तर मलाची तपासणी औषध सुरू करण्याआधी करून घ्या. प्रतिजैविकाचा एक डोस पोटात गेला तरी आमच्या प्रयोगशाळेतल्या जंतू वाढवायच्या बशीत बऱ्याचदा काहीच उगवत नाही.